काळ्या दाराची बाई

"हात लावून पाहा भाऊ," दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या कौशल्याबाई म्हणाल्या. "मी खोटं नाई बोलून राह्यली."

मी हात लावला नाही. चित्राला उगाच हात लावायचा नाही, हे आमच्या कामात पहिल्या दिवशी शिकवतात. मी तळहात कॅनव्हासपासून बोटभर अंतरावर धरला आणि लगेच मागे घेतला.

चित्र गरम होतं.

सगळं नाही. डावीकडचा पुरुष भिंतीइतकाच थंड होता. उजवीकडे बसलेल्या बाईचे खांदे, केस, गुडघेही थंड होते. ऊब फक्त तिच्या पोटाशी होती. ताप उतरायला लागलेल्या कपाळाला असते तशी, जरा दमट. आणि तिथला कॅनव्हास पुढे आला होता. समोर उभं राहिलं की कळत नव्हतं. बाजूने पाहिलं की स्पष्ट दिसायचा, गोल, ताणलेला फुगवटा.

"दिवाळीपासून वाढून राह्यलं," कौशल्याबाई हळू आवाजात म्हणाल्या. "पेशंट बाया इथी बसाले मांगत नाईत. मीबी याच्याखाली झाडत नाई आता."

खोलीत लाकडी बाक होते. त्यावर दोन पोटुशा बायका बसल्या होत्या, चित्रापासून जमेल तेवढ्या लांब. त्या माझ्याकडे बघत होत्या. सावली गावातल्या एका जुन्या प्रसूतिगृहाची ही वेटिंग रूम. त्यात मी एकटाच पुरुष, आणि उभा होतो एका चित्रातल्या बाईच्या पोटासमोर हात धरून. अवघडल्यासारखं झालं.

मी चित्रं दुरुस्त करतो. दुरुस्ती हा शब्द आमच्यात चालत नाही, आम्ही संवर्धन म्हणतो, पण लोकांना दुरुस्ती म्हटलं की कळतं. एका संग्रहालयाच्या प्रयोगशाळेत नोकरी झाली. निवृत्तीनंतर नागपूरला घरीच काम घेतो. पापुद्रे सुटलेला रंग चिकटवायचा, पिवळं पडलेलं व्हार्निश उतरवायचं, फाटलेला कॅनव्हास धाग्याला धागा जोडून सांधायचा. व्हार्निश म्हणजे चित्रावरचा पारदर्शक लेप. बहुतेक वेळ कापसाचे बोळे फिरवण्यात जातो. भुताखेतांशी संबंध येत नाही.

हे काम अनिकेतने दिलं होतं. अनिकेत मुंबईच्या एका गॅलरीत प्रदर्शनं मांडतो. विदर्भातल्या विस्मृतीत गेलेल्या अतिवास्तववादी चित्रकारांचं प्रदर्शन त्याला करायचं होतं. अतिवास्तववाद म्हणजे स्वप्नाच्या तर्कानं काढलेलं चित्र. स्वप्नात आपण दार उघडतो आणि आत नदी असते, आपल्याला त्याचं नवल वाटत नाही. ती चित्रं तशी असतात. सावलीच्या शाळेत ड्रॉइंग शिकवणारे श्रीपादराव अशी चित्रं काढत. त्यांना जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. त्यांचं सगळ्यात मोठं चित्र त्यांच्या पत्नीच्या, डॉक्टर विमलताईंच्या दवाखान्यात होतं.

"सर, जाऊन फक्त कंडिशन बघा," अनिकेत म्हणाला होता. "फोटोत बाईच्या पोटावर काहीतरी सूज दिसतेय. ती सपाट करायची आणि पुरुषाचा लाल परत आणायचा. बाकी पॅक करून पाठवा."

चित्र असं होतं. डावीकडे सागाच्या जळक्या खोडाचा पुरुष. त्याला रानगव्याची शिंगं, आणि डोक्याच्या जागी वणवा. उजवीकडे बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, काठावर बसलेली बाई. तिचे केस पाण्यात उतरून शेवाळ झालेले. तिच्या पोटाच्या जागी लाकडी चौकटीचं एक दार. दार उघडं, आत मिट्ट काळोख. दोघांना मिळून एकच सावली.

ही भाषा जुनी आहे. अशा चित्रांत पुरुष म्हणजे सूर्य, आग, शिंग, बुरूज, जे उभं आणि कडक असेल ते. बाई म्हणजे चंद्र, पाणी, गुहा, अंडं, दार. एक ताकद बाहेर फेकली जाते, दुसरी आत ओढून घेते. दोन्ही भेटल्या की जग चालतं, अशी ती कल्पना. आम्हाला कॉलेजात हे शिकवलं होतं. परीक्षेत लिहून मी चांगले मार्कही मिळवले होते.

पण या चित्रात ती मांडणी बिघडत चालली होती. पुरुष विरत होता. वणव्याचा लाल उडून राखेसारखा करडा झाला होता, शिंगं धुक्यात गेल्यासारखी पुसट. बाई मात्र जशीच्या तशी, उलट जास्त ठसठशीत. आणि तिचं पोट वाढत होतं.

लाल का उडाला, ते मला लगेच कळलं. काही लाल रंग उजेडात टिकत नाहीत. पुरुषासाठी श्रीपादरावांनी स्वस्तातला रंग वापरला होता, शाळेला पुरवतात त्या जातीचा. बाईसाठी महागाच्या चांगल्या ट्यूब्ज. तेवढंच कारण. पोटाचं कारण मात्र समजेना.

कॅनव्हास फुगण्याची नेहमीची कारणं मी मनात मोजली. कॅनव्हास ज्या लाकडी चौकटीवर ताणलेला असतो तिच्या पाचरी निसटून मागे अडकतात. चुन्याचे पोपडे पडतात. पण पाचर गरम नसते. शिवाय दाराच्या उंबऱ्यापाशी रंगाला बारीक तडे गेले होते आणि त्यातून काहीतरी पाझरलं होतं. तपकिरी, चिकट, सुकलेल्या रक्तासारखं. त्याच्या वासानं मी एक पाऊल मागे सरलो. गोड आणि आंबूस, पहिल्या धारेच्या मोहाच्या दारूसारखा. फ्रेमच्या खालच्या कडेनं मुंग्यांची बारीक रांग वर चढत होती आणि मागे नाहीशी होत होती.

"मी रोज पुसतो," कौशल्याबाई म्हणाल्या. या भागात बायाही असंच बोलतात, 'पुसतो', 'जातो'. "उद्या पुन्हा येते. पाणी जाते ना बायांचं, तसं."

चित्र उतरवून मागे पाहावं म्हटलं, तर तेही सोपं नव्हतं. श्रीपादरावांनी फ्रेमच्या चारही कडांना पट्ट्या ठोकून चित्र भिंतीला बंदच करून टाकलं होतं. धूळ जाऊ नये म्हणून असेल. आतला फुगवटा कशाचा आहे हे न कळता पट्ट्या उचकटल्या असत्या तर रंगाचे तुकडे खाली आले असते.

ओपीडी संपल्यावर विमलताई बाहेर आल्या. सत्तरीच्या पुढच्या, ठेंगण्या, हात अजून भक्कम. बायका गेल्या होत्या. ऊन पायरीवरून आत आलं होतं. लांबून मळणीयंत्राचा आवाज येत होता, धान निघत होतं.

"काय म्हणते आमची गर्भार?" त्यांनी विचारलं. थट्टा होती, पण चित्राकडे न बघता केलेली.

"ताई, स्टेथोस्कोप मिळेल?"

त्यांनी गळ्यातला काढून दिला.

मी मधे पातळ टिश्यू धरला आणि अगदी अलगद टेकवला. आत आवाज होता. खोल, सलग, न थांबणारा. श्वासासारखा वर जायचा, खाली यायचा. मी ऐकत होतो तेवढ्यात रस्त्यावरून ट्रकनं हॉर्न दिला. आतला आवाज एकदम फुत्कारून उसळला आणि एका क्षणात शांत झाला. आतलं काहीतरी दचकलं होतं.

माझ्या मानेवर काटा आला. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, भर दुपारी.

"द्या इकडं," विमलताई म्हणाल्या.

त्यांनी कानाला लावलं. डोळे मिटले. आयुष्यभर केलेलं काम होतं ते. दुसरा हात आपोआप वर आला, बाळाचं डोकं चाचपायला जातो तसा, आणि रंगापासून थोड्या अंतरावर हवेतच थांबला.

"ठोके नाहीत," शेवटी त्या म्हणाल्या. "पण जिवंत आहे."

स्टेथोस्कोप माझ्या हातात देऊन त्या आत निघून गेल्या. दार लावल्याचा आवाज आला.

कौशल्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "पाह्यलं ना भाऊ? डॉक्टरबाई कधीच याच्याजवळ येत नाई. तीस वर्सं झाले, मी पाहून राह्यली. पेशंटकडं तोंड करून बसते, याच्याकडं पाठ."

मी बाहेर पडलो. धीर आला होता म्हणून नव्हे, मोकळी हवा हवी होती म्हणून. दवाखान्याला वळसा घालून मागे गेलो. मागे भोकराचं झाड आणि घाणेरीची जाळी. तिथून भिंतीचा अंदाज घेतला, आणि ज्या जागी आत चित्र होतं त्या जागी बाहेरून मला खिडकी दिसली. खिडकी म्हणजे खिडकीची जागा. तिच्यावर टिनाचा पत्रा ठोकलेला होता. पत्र्याचा एक कोपरा गंजून गळून पडला होता. त्या भोकातून माश्या आत-बाहेर करत होत्या.

मोहोळ. एवढं मोठं चित्र लावायला या घरात दुसरी भिंत नव्हती, म्हणून श्रीपादरावांनी खिडकीवरच चित्र लावलं होतं आणि खिडकी बाहेरून बंद केली होती. मधल्या अंधाऱ्या पोकळीत सातेरी माश्यांनी घर केलं. या माश्या उघड्यावर नाही, पोकळीत पोळी बांधतात, एकामागे एक, वहीच्या पानांसारखी. पोळ्यांचा भार कॅनव्हासच्या पाठीवर पडला आणि कॅनव्हास पुढे आला. पिल्लांसाठी माश्या मोहोळ उबदार ठेवतात. म्हणून ऊब. मध पाझरत होता, म्हणून मुंग्या. मोठा आवाज झाला की सगळ्या मिळून फुत्कारतात आणि गप्प होतात, ही त्यांची सवय मला नंतर कळली.

मी हे कौशल्याबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी पदर तोंडाला लावला आणि विचार केला.

"माश्या तं माश्या," त्या म्हणाल्या. "पण सारी भिंत सोडून त्याइले पोटाचीच जागा भेटली काय?"

खिडकी तिथेच होती, एवढंच म्हणता आलं असतं.

अनिकेतला फोन केला. तो खूष झाला. "सर, ग्रेट! रूपकच जिवंत झालं. स्त्रीतत्त्वाची पोकळी स्वतःहून भरली!"

"अनिकेत, मोहोळ आहे ते."

"तेच म्हणतोय ना सर. आणि राणीमाशी! बघा, सगळं जुळतंय. त्यात गावाचं नाव सावली. मी निबंधात टाकतो."

मी म्हटलं, टाक.

कुरखेड्याकडचा नामदेव म्हणून एक जण माश्या न मारता मोहोळ काढतो, असं विमलताईंच्या ओळखीतून कळलं. तो दुसऱ्या दिवशी आला. दिवस कलताना त्यानं बाहेरचा पत्रा काढला, ओल्या तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, आणि कडुलिंबाच्या पाल्याचा धूर केला आणि पोळी एकेक कापून लाकडी पेटीत बसवली. हातात काही घातलं नव्हतं. राणी पेटीत गेल्यावर बाकीच्या माश्या आपणहून मागोमाग गेल्या. गावच्या बोडीच्या पाळीवर, पळसाखाली, त्यानं पेटी ठेवली.

मग आम्ही आतून पट्ट्या काढल्या आणि चित्र उतरवलं. मोकळ्या खिडकीतून खोलीत उजेड आला. चित्र मी मोठ्या टेबलावर पालथं ठेवलं. पाठीवर मेणाच्या वड्यांचे पांढरट ठसे होते. दोन दिवस मी ते मेण लाकडी पट्टीनं आणि बोळ्यांनी काढत होतो. विमलताई येऊन-जाऊन बघत. चित्राची पाठ बघायला त्यांना काही वाटत नव्हतं.

दुपारी जेवताना त्या म्हणाल्या, "तुम्ही शिकलात ना या चित्रांबद्दल? सांगा मग. पुरुष म्हणजे आग, आणि बाई म्हणजे पोकळी?"

"तशी रीत होती ताई. पोकळी म्हणजे वाईट नाही. त्यातून सगळं जन्मतं, असं ते मानायचे."

"कोण ते?"

"चित्रकार."

"पुरुष?"

"बहुतेक."

त्यांनी ताटातला भात एकीकडे सारला. "मी आयुष्यभर त्या जागेचं काम केलं सुधाकरराव. तिथं पोकळी नसते. तो स्नायू असतो. शरीरात त्याच्याएवढी ताकद दुसऱ्या कशात नाही. मूल बाहेर ढकलतो तो, आत ओढत नाही." मग शांतपणे म्हणाल्या, "आम्हाला मूल झालं नाही. झालं होतं, जिवंत नव्हतं. आठवा महिना. त्याच वेळी हे चित्र चाललं होतं त्यांचं. मला दाखवत नव्हते, पूर्ण झाल्यावर म्हणायचे. मी टाके घेऊन पडलेली असताना पूर्ण झालं. मी उठून बघायला गेले, तर हे. पोटाच्या जागी रिकामं दार. लोक म्हणाले, वा, किती खोल अर्थ आहे. मी म्हटलं, चांगलं आहे, आणि सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी लावायला सांगितलं. लपवायचं कशाला?"

"त्यांना कधी विचारलं नाही?"

"ते बोलणारे नव्हते. आणि मला उत्तराची भीती होती."

अशा वेळी काय बोलायचं, ते आमच्या कामात कोणी शिकवत नाही.

पाठ साफ झाल्यावर चित्र सरळ केलं. फुगवटा उतरला होता. कॅनव्हासला ताण लक्षात राहतो, त्यामुळे थोडा बाक राहिला होता, तो वजन ठेवून हळूहळू बसवायचा होता. त्याआधी मी नेहमीची एक तपासणी करतो. खिडकी झाकायची आणि टॉर्च चित्राला समांतर, आडवा धरायचा. आडव्या उजेडात रंगाचे उंचवटे सावल्या टाकतात. शेतात संध्याकाळच्या उन्हात ढेकळं उठून दिसतात, तसं.

कौशल्याबाई चहा घेऊन आल्या होत्या. मी टॉर्च फिरवत काळ्या दारापर्यंत आणला. त्यांनी कपबशी टेबलाच्या कडेला ठेवली.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "अजून हाये."

खरंच होतं. काळा रंग सपाट, पातळ लावलेला होता. पण त्याच्या खाली ब्रशचे जाड फटकारे होते आणि ते दाराच्या चौकटीशी जुळत नव्हते. ते वळत होते. एक मोठी कमान, तिच्या आत दुसरी छोटी, खाली एक गोल. मी टॉर्च हलवला की सावल्या सरकत आणि तो आकार कूस बदलल्यासारखा दिसे. माश्या केव्हाच गेल्या होत्या. चित्र थंड होतं. तरी मी टॉर्च बंद केला आणि वजनं बाजूला ठेवली.

कारण धंद्याचंही होतं. खाली जाड थर आणि वर पातळ, अशा ठिकाणी वजन ठेवलं तर वरचा थर सुटतो. खाली काय आहे हे कळल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. त्यासाठी एक्स-रे लागतो. चित्राचा एक्स-रे काढतात हे ऐकून लोक हसतात. पण जुना पांढरा रंग, सफेदा, शिशापासून बनवत. शिसं किरण अडवतं, म्हणून तो फिल्मवर हाडासारखा पांढरा उमटतो. काळा रंग मात्र काजळीचा. तो किरणांना दिसतच नाही. वरचा काळा जणू पुसला जातो आणि खालचं समोर येतं.

मी विमलताईंना विचारलं. आकाराबद्दल काही बोललो नाही. त्यांनी गडचिरोलीच्या एका हाडांच्या डॉक्टरांना फोन केला. तिथला तंत्रज्ञ हलवता येणारं मशीन गाडीत घालून घेऊन आला. बोटांच्या एक्स-रेला लावतात तेवढीच ताकद ठेवायला मी त्याला सांगितलं.

फिल्म छापायच्या आधी तो अडला. "सर, पेशंटचं नाव टाकल्याशिवाय मशीन पुढं जात नाही. काय टाकू?"

मला पटकन सुचलं ते सांगितलं. "श्रीपाद टाक."

फिल्म आणून त्यानं विमलताईंच्या टेबलावर ठेवली. मला ती आधी एकट्यानं बघायची होती. पण घर त्यांचं, दवाखाना त्यांचा, भिंतीवरची एक्स-रे बघायची दिव्याची पेटीही त्यांची. मी काही म्हणायच्या आत त्यांनी हजारो वेळा केलं असेल तसं केलं, फिल्म झटकली, पेटीवर लावली आणि बटण दाबलं.

दार नव्हतं. काळोख नव्हता. बाईच्या पोटात गुडघे दुमडून झोपलेलं बाळ होतं. पांढऱ्या रंगाचं, म्हणून फिल्मवर लखलखीत. पाठीची कमान, पोटाशी घेतलेले हात, डोकं खाली. एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलं होतं, पेशंट, श्रीपाद.

दिव्याची पेटी किंचित गुणगुणत होती.

विमलताईंनी डॉक्टर म्हणून वाचायला सुरुवात केली. त्यांच्याकडून तेच झालं असावं. "डोकं खाली," त्या म्हणाल्या. "पाठ डावीकडे." मग त्यांचं बोट थांबलं. "वळलं होतं ते. जायच्या आदल्या आठवड्यात, तोवर उलटं होतं. मी रात्री जेवताना त्यांना सांगितलं होतं, वळलं बरं का. त्यांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नव्हतं. मला वाटलं, ऐकलंच नाही."

कौशल्याबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी हात जोडले आणि निघून गेल्या.

विमलताईंनी कोपऱ्यातली अक्षरं वाचली. माझ्या तोंडून काहीतरी माफीचं निघत होतं, त्यांनी हातानं थांबवलं.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "पेशंट बरोबर आहे."

मग त्यांनी विचारलं, "तो काळा काढता येतो?"

मी खरं ते सांगितलं. येतो. पातळ आहे, हळूहळू विरघळेल. पण दोन्ही थरांतून एकच तडे गेले होते, मधे धूळ नव्हती, व्हार्निश नव्हतं. म्हणजे काळा रंग लगेचच, त्याच हातानं लावलेला होता. चित्रकारानं स्वतः झाकलेलं आपण उघडत नाही, असा आमचा नियम आहे. "पण चित्र तुमचं आहे," मी म्हटलं. "तुम्ही सांगितलंत तर मला विचार करावा लागेल."

"करू नका. सकाळी सांगते."

सकाळी त्या ओपीडीच्या आधी आल्या. फिल्म त्यांच्या हातात होती, पाकिटात घातलेली.

"मी पडलेली होते तेव्हा त्यांनी ते झाकलं," त्या म्हणाल्या. "मला न सांगता. आता ते नाहीत, तर मी त्यांना न सांगता उघडू? आणि कोणासाठी? मुंबईच्या लोकांसाठी?" त्यांनी पाकीट पिशवीत ठेवलं. "मी पाहिलं. पुरे."

तेवढ्यात अनिकेतचा फोन आला. मी स्पीकर लावला.

"सर, एक्स-रे घेतला म्हणे? काही निघालं?"

मी विमलताईंकडे पाहिलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

"काळ्याखाली जुना थर आहे," मी म्हटलं. "काळा चित्रकारानंच लावलाय. काढायचा नाही. वजनही ठेवणार नाही, थोडा बाक राहील."

"आणि पुरुषाचा लाल?"

"उडालेला रंग मी भरत नाही. पापुद्रे चिकटवून देतो."

"म्हणजे पुरुष फिका आणि बाई फुगलेली, असंच टांगायचं?"

"असंच," विमलताई म्हणाल्या.

अनिकेतनं बरं म्हणून फोन ठेवला. मालकिणीचा आवाज त्यानं पहिल्यांदाच ऐकला होता.

चित्र मुंबईला गेलं. प्रदर्शन चांगलं झालं. अनिकेतच्या निबंधात होतं की पुरुषतत्त्व स्वतःच्या आगीत जळून जातं आणि स्त्रीतत्त्वाची पोकळी अनंत असते. लाल स्वस्तातला होता, याचा उल्लेख नव्हता. विमलताई एक दिवस जाऊन आल्या. कसं वाटलं, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "एसी फार होता."

चित्र परत आल्यावर मी ते लावायला गेलो. वेटिंग रूममध्ये आता खिडकी आहे, गज आणि जाळी बसवलेली. पेशंट बायका तिच्याखालीच बसतात, वारा येतो म्हणून. चित्र विमलताईंनी आतल्या खोलीत, त्यांच्या पलंगासमोर लावून घेतलं.

एक्स-रेची प्रत मी माझ्याकडे ठेवली नाही. अहवालात दोन ओळी आहेत, त्या खऱ्या आहेत आणि पुरेशा आहेत.

या कामातून मी एकच सवय लावून घेतली. आता कुठलंही चित्र आलं की मी आधी ते पालथं करतो आणि पाठीकडून सुरुवात करतो. समोर उभं राहून अर्थ सांगणारे पुष्कळ मिळतात.